तोंग क्वाय

सकाळी सात चाळीस. माझगाव.
डॉकयार्ड रोडच्या उतारावरची इमारत, तिसरा मजला, दार उघडंच.
मेबल थाम बाही वर सरकवून बसलेल्या.
"राऊळ, आज डावा हात. उजव्यानं केस कापायचेत."
वय एक्क्याऐंशी. पार्लर कधीच बंद झालं,
तरी दोन जुनी गिऱ्हाइकं अजून येतात,
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतात.

त्यांच्या छातीत धातूची झडप आहे.
खोली शांत असली की ऐकू येते,
पलीकडे कुणी नखं कापत असल्यासारखी.
तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून
रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी,
आणि महिन्यातून एकदा मी:
सुई, निळ्या टोपणाची नळी, कापूस.
आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा.
सात वर्षं तो तिथं नांदला.

मे महिन्यात आला सहा पूर्णांक एक.
लॅबनं दोनदा तपासला, मग मलाच परत पाठवलं.
कोपरापाशी जांभळा डाग, बशीएवढा.
"कपाटाला आपटले."
दात घासताना रक्त?
"थोडं. म्हातारपण."

पालेभाजी सोडलीत? अँटिबायोटिक?
गुडघ्यासाठी शेजारणीची गोळी?
नाही. नाही. नाही.
नवं काहीच नाही?
"नवं नाही," त्या म्हणाल्या. "जुनंच आहे."

बिस्किटांच्या डब्यात कापडाची पुरचुंडी.
आत मुळाचे काप, पिवळट, चपटे,
वाळल्या पंखांसारखे.
वास ओव्याचा, अजमोद्याचा, गाजराच्या सालीचा,
आणि खूप दिवस न उघडलेल्या ट्रंकेचा.

"तोंग क्वाय. आई कोंबडीच्या सुपात टाकायची.
पाळी दुखली की. मी बाळंतीण झाले तेव्हा महिनाभर."
आमच्यात डिंकाचे लाडू, मी म्हणालो.
"तेच ते. आता भाचीनं टोरांटोहून पाठवलंय.
झाडाचं मूळ आहे, राऊळ. मुळानं कुणाचं काय वाईट होतंय?"

हे वाक्य मी रोज ऐकतो,
भायखळ्यात, परळला, शिवडीला, सगळ्या भाषांत.
झाडपाला आहे, अपाय नाही.
ज्याच्यानं अपायच होत नाही
त्याच्यानं उपाय कसा होईल,
हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.
फोन लावला.

डॉक्टरबाई सरळ बोलल्या:
हे मूळ त्या गोळीचा जोर वाढवतं. एकत्र नको.
गोळी दोन दिवस थांबवा, परत रक्त घ्या.
डोक्याला मार लागला, शौचाला काळं झालं,
तर माझी वाट न बघता हॉस्पिटल.
आणि पाळीच्या दुखण्याचं? मी विचारलं, मेबलबाईंच्या वतीनं.
"बायका पिढ्यान् पिढ्या घेतायत. गुण येतही असेल.
पक्का पुरावा माझ्याकडे नाही.
गरोदर बाईला मी देणार नाही,
आणि यांना तर नाहीच नाही."

मेबलबाई ऐकत होत्या.
मग कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं दोन अक्षरं काढली.
"हे 'हवं'. हे 'परतणं'.
परतायला हवं. एवढंच नाव आहे त्याचं."
त्रेसष्ट साली भाऊ बोटीत चढला तेव्हा
आईनं त्याच्या खिशात यातलाच एक तुकडा ठेवला होता.
आला का, ते मी विचारलं नाही.
सुई टोचणाऱ्यानं फार खोल जाऊ नये.

डबा त्यांनी टाकला नाही. मीही आग्रह केला नाही.
स्वेटरांमध्ये ठेवलाय, कसर लागू नये म्हणून.
मुंबईत स्वेटर कशाला, हा प्रश्न वेगळा.
पण गोळ्यांच्या यादीखाली, डॉक्टरबाईंना दाखवायच्या कागदावर,
थरथरत्या मोठ्या अक्षरांत: सूप बंद.

पंधरा दिवसांनी आकडा तीनवर आला.
मी फोन केला. पलीकडे कात्री थांबली.
"परतला?" म्हणाल्या,
आणि मग, कुणाला तरी:
मान सरळ ठेव.